लक्ष्मीची साडी कोणत्या काळातली?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



विषय घरातलाच आहे. आपल्या देव्हाऱ्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या कितीतरी तसबिरींचा मूळ नमुना राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली ही चित्रं घरोघरी पोहोचली.

आता गंमत बघा. कार्ल्याची लेणी मळवलीपासून जवळच आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दाराशेजारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची स्त्री-पुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. कमरेला वस्त्र, अंगावर ठसठशीत दागिने, बाकी अंग उघडं. ना चोळी, ना पदर! रविवर्मांची दमयंती मात्र साडी-चोळीत, थेट त्यांच्याच काळातल्या घरंदाज बाईसारखी.

मग चित्रकार चुकला का? मला तसं वाटत नाही. बघणाऱ्याला दमयंती परकी वाटली नाही, हेच त्या चित्राचं यश. पण त्यावरून नळ-दमयंतीच्या काळातला पोशाख कळत नाही; कळतो तो एकोणिसाव्या शतकातला.

म्हणून एकच विनंती. गणेशोत्सवातल्या वेशभूषा स्पर्धेत ‘हे आपल्या परंपरेत बसत नाही’ असं एखाद्या मुलीला सुनावण्याआधी स्वतःला विचारू या, ‘परंपरा म्हणजे नेमकी कधीची? कार्ल्याची, की मळवलीची?’ दोन्ही आपल्याच आहेत.