उन्हाळ्यातली उडी

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आरोग्य, अध्यात्म नाहीतर मुलांचे करिअर यावर कोणीतरी जाणकार बोलतात. यंदा चिटणीसांनी मला गाठले. म्हणाले, "तुम्ही जर्मनीला जाऊन आलात, त्यावर बोला." मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनीअर. रूळ, खडी आणि स्लीपर यांतच नोकरी चालली आहे. प्रवासवर्णन मला जमणार नाही. म्हणून तिथे एका संध्याकाळी जे पाहिले, तेवढेच सांगतो.

माझा भाचा म्युनिकला नोकरी करतो. २०२४ च्या जुलैत त्याच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी म्हणाला, "मामा, माझ्या ऑफिसातले एक जण स्की जंपिंगचा सराव करतात, बघायला चला." म्हटले, "अरे, बर्फाचा खेळ जुलैत? मामाची थट्टा करतोस काय?" तो नुसता हसला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा खेळ टीव्हीवर पाहिला असेल. माणूस पायांना लांब पट्ट्या बांधून उंच घसरगुंडीवरून येतो, हवेत झेपावतो आणि खाली उतारावर उतरतो. हातात काठ्या नसतात, आणि टाच पट्टीला घट्ट बांधलेली नसते.

गावाबाहेरच्या टेकडीवर तो उतार होता. त्यावर हिरव्या प्लास्टिकच्या काड्यांचे थर होते, गवती छपरावर पेंढ्या एकीवर एक चढवतात तसे. वर पाण्याचे फवारे चालू. ओल्या प्लास्टिकवर स्की बर्फावरच्यासारखीच घसरते. ही युक्ती पूर्व जर्मनीतल्या हान्स रेनर यांची. १९५४ मध्ये ओबरहोफला अशा उतारावर उड्या झाल्या. आता तर उन्हाळ्यात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होतात. नोकरदार हौशी माणसाला उन्हाळाच सोयीचा, कारण तिकडे जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑफिस सुटल्यावर सराव करता येतो.

भाच्याचे ते सहकारी एक्केचाळीस वर्षांचे, माझ्याहून थोडेच लहान. दोन वर्षांपूर्वी मधल्या आकाराच्या उतारावर पडले आणि कॉलरबोन मोडली. बरे झाल्यावर प्रशिक्षकाने सांगितले, मोठा उतार बंद, पुन्हा वीस मीटरच्या उतारापासून सुरुवात करा. वीस मीटरचा उतार म्हणजे मुलांचा. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत हा टक्कल पडलेला गृहस्थ, अंगात तसाच घट्ट पोशाख घालून उभा होता. पोरे त्याच्याकडे बघत नव्हती, मीच बघत होतो.

माझे लक्ष मात्र आधी उतारावर गेले. सवय जात नाही. सरळ रूळ एकदम गोलाईत नेला तर गाडीला धक्का बसतो, म्हणून आपण मध्ये ट्रान्झिशन कर्व्ह देतो आणि भारतीय रेल्वेत त्यासाठी क्यूबिक पॅराबोला वापरतो. या खेळातही घसरगुंडीचा सरळ उतार संपून उडीच्या टोकाकडे वळताना पायांवर एकदम भार येतो. पूर्वी तिथे वर्तुळाचा कंस असे. नव्या आराखड्यांत आपलाच क्यूबिक पॅराबोला आहे. हे कळल्यावर मला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले! (सौ. म्हणाली, जर्मनीला जाऊनही रूळच.)

दुसरी गंमत म्हणजे, उडीचे टोक वर उचललेले असते असे आपल्याला वाटते. तसे नसते. ते खालीच झुकलेले असते, मोठ्या उतारांवर साधारण अकरा अंश. म्हणजे वर उडायचे ते स्वतःच्या पायांनी. मोठ्या उतारावर वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. पाय ताणायला मिळतात साधारण तीन दशांश सेकंद, आणि तेवढ्यात माणूस सात-आठ मीटर पुढे गेलेला असतो. एवढ्या वेळात विचार करता येत नाही. शरीराला जे येते तेच घडते.

त्या गृहस्थांचे नेमके तिथेच चुकत होते. टोकाशी आले की ते गुडघ्यांऐवजी आधी छाती उचलायचे. भीती वाटली की माणूस उभा राहतो, तसे. छाती वाऱ्याला आडवी आली की ब्रेक लागतो आणि स्कीची टोके डगमगतात. पडले तेही त्यामुळेच. खांदे खाली ठेवून गुडघे आणि कंबर उघडायची, नडग्या पुढे झुकलेल्या राहू द्यायच्या, एवढेच शिकायचे होते. सांगायला एक वाक्य, पण वीस वर्षांची सवय आड येते.

म्हणून त्या संध्याकाळी उड्या थोड्या आणि जमिनीवरचा सराव जास्त. एक चाकांची फळी होती, आपल्या पुश ट्रॉलीचे पिल्लू म्हणा. तिच्यावर उकिडवे बसून, छाती मांड्यांना टेकवून, हात मागे धरून घरंगळत यायचे आणि उसळायचे. समोर प्रशिक्षक उभा. तो कमरेत धरून त्यांना डोक्यावर आडवे तोलायचा. चूक झाली की खाली उतरवून फक्त मान हलवायचा. मग पुन्हा. मी तीसपर्यंत मोजले आणि मोजणे सोडले. एवढा धिप्पाड माणूस पुन्हा पुन्हा उचलणाऱ्या त्या प्रशिक्षकाचेही कौतुक वाटले.

या खेळातल्या हौशी माणसाचे नाव काढले की लोक 'एडी द ईगल'ला हसतात. हा इंग्लंडमधला गिलावा करणारा कारागीर. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये दोन्ही स्पर्धांत शेवटचा आला. मोठ्या उतारावर त्याची चांगली उडी ७१ मीटर, तर फिनलंडच्या मॅटी निकानेनची ११८.५. फरक मोठा आहे, मान्य. पण दोनेक वर्षांच्या तयारीवर तो उतार उतरून माणूस पायांवर उभा राहतो, यात हसण्यासारखे मला काही दिसत नाही. त्याच सुमारास स्वीडनचा यान बोक्लोव स्की 'व्ही'सारख्या फाकवून उडू लागला. पंच शैलीचे गुण कापत राहिले, तरी १९८८-८९ चा विश्वचषक त्याने जिंकला. आज सगळेच तसे उडतात.

अंधार पडण्याआधी त्या गृहस्थांनी चार उड्या मारल्या. पहिल्या दोनदा छाती उठलीच. तिसऱ्यांदा मला वेगळे काही दिसले नाही, पण प्रशिक्षकाने खालून दोन्ही हात वर केले. उडी भरली सतरा मीटर. एका पोराने त्याच संध्याकाळी एकोणीस मारली होती. मी भाच्याकडून विचारवले, "मुलांच्या उतारावर परत यायला कसे वाटले?" म्हणाले, "पहिले दोन आठवडे वाईट." एवढेच बोलून, स्की खांद्यावर टाकून चौथ्या उडीसाठी पायऱ्या चढू लागले.

आता माझे. असिस्टंट इंजिनीअरच्या खात्याच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोनदा राहिलो. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांबरोबर पुन्हा अभ्यासाला बसायचे, म्हणून पुस्तके माळ्यावर टाकली होती. ती खाली काढली आहेत. गणित फार गंजले आहे, तेव्हा शिकवायला त्यांतलाच एक मुलगा रोज रात्री घरी येतो. लेखी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्यामुळे यंदा आरतीनंतर पत्त्यांच्या डावाला मी नसेन, चिटणीसांनी रागावू नये.