कक्षेतल्या टकरीत दोष कुणाचा?



२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, आकाशातून धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे तीन मीटर. पाठोपाठ त्याच तालुक्यात धातूचा पोकळ गोळाही सापडला. चिनी लाँग मार्च रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असं अभ्यासकांचं मत पडलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण कडं एखाद्या घरावर पडलं असतं तर? १९७२चा दायित्व करार इथे निःसंदिग्ध आहे: जमिनीवर नुकसान झालं की प्रक्षेपण करणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, त्याची चूक सिद्ध करत बसायचं नाही. १९७८ साली सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला, त्याच्या अणुभट्टीचे किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले. १९८१मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली.

वर कक्षेत मात्र तोच करार हात आखडता घेतो. तिथे भरपाई हवी, तर समोरच्याचा दोष दाखवावा लागतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, अमेरिकी कंपनीचा चालू इरिडियम ३३ आणि रशियाचा निकामी कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. हजारो तुकडे झाले, त्यांतले कित्येक अजून फिरताहेत. दोष कुणाचा? एकाला वळता येत नव्हतं. दुसऱ्याला येत होतं, पण त्याने वळलंच पाहिजे असा नियम नव्हता. वाट कुणी द्यायची हेच ठरलेलं नसेल, तर दोष कशावरून ठरवणार? माझ्या मते आजच्या अवकाश कायद्याचं खरं दुखणं हे आहे.

आणि गर्दी वाढतेच आहे. मे २०१९मध्ये स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सुटले. आज त्यांची संख्या हजारोंत आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपीय अवकाश संस्थेला आपला एओलस उपग्रह स्टारलिंकच्या एका उपग्रहापासून दूर हलवावा लागला. साडेपाचशे किलोमीटरवरचा बंद पडलेला उपग्रह विरळ हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येतो. बाराशे किलोमीटरवरचा शतकानुशतकं घिरट्या घालतो. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९ साली दीर्घकालीन शाश्वततेची २१ मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पण ती ऐच्छिक आहेत. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२मध्ये मोहीम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली आणण्याचा नियम केला, तो त्याचा परवाना घेणाऱ्यांपुरताच.

आता आपल्याकडे पाहा. १९६७च्या अवकाश कराराप्रमाणे खासगी कंपनीच्या अवकाशातल्या कामाची जबाबदारी तिच्या सरकारवर येते, आणि परवाना देऊन सरकार मोकळं होत नाही. देखरेख सतत ठेवावी लागते. भारतात परवानगी इन-स्पेस ही सरकारी संस्था देते, २०२३चं अवकाश धोरणही आहे. पण २०१७ साली मसुदा जाहीर होऊनही कायदा झालेला नाही. तो व्हावा. वाट कुणी द्यायची, निकामी उपग्रह किती वर्षांत उतरवायचा, विमा किती रकमेचा, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. आपल्या खासदारांना भेटाल तेव्हा ही मागणी त्यांच्यापुढे जरूर ठेवा.