राखीव वीज आणि ऊन

औंध संस्थानच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना मांडला. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ती हीच. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, ऊन मात्र तेंच राहिलें. या मुलखांत वैशाखांत वीज गेली कीं कारखान्याला आधार डिझेल एंजिनाचा, दवाखान्यांतील लशींच्या शीतकपाटाला बॅटरीचा. पण शिशाच्या बॅटरीचें जें आयुष्य २५ अंशांवर, तें ३५ अंशांवर सुमारें निम्मेंच उरतें. उष्णतेनें आंतील शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. तरीहि तिला तापल्या पत्र्याखालीं, एंजिनाला खेटून ठेवण्याची खोड पुष्कळांची! एंजिनहि भर उन्हांत पुरतें बळ देत नाहीं, कारण तप्त हवा विरळ असते. तें गरजेहून थोडें मोठेंच घ्यावें, आणि बॅटरी उत्तरेच्या भिंतीशीं, वारा खेळेल अशा सावलींत ठेवावी.