दूरचित्रवाणी वार्ताहराची वाटचाल



२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि मराठी बातमीला चेहरा लाभला. विश्वास मेहेंदळे, स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे ही नावे घरोघरी पोहोचली. परंतु प्रेक्षकांना त्यांचा परिचय झाला तो वृत्तनिवेदक म्हणून. घटनास्थळी उभा राहून बातमी सांगणारा वार्ताहर नित्य दिसू लागला, तो प्रामुख्याने २००७ च्या सुमारास चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्यानंतर.

या व्यवसायाचा मार्ग पडद्यावर दिसतो तितका झगमगता नाही. पदवी आणि पत्रकारितेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला तरुण बहुधा प्रथम वृत्तकक्षात बसतो. मजकूर लिहिणे, दृश्ये निवडणे, पडद्याखालून सरकणाऱ्या ओळी तपासणे हे त्याचे काम. पुढे तो कॅमेरामनसह बाहेर पडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अनेकजण बातमीगणिक मिळणाऱ्या मानधनावर वर्षानुवर्षे राबतात. त्यांतील काहीजणच विशेष प्रतिनिधी वा ब्यूरो प्रमुख होतात.

या वाटचालीत खरी कसोटी अभ्यासाची असते. नवी मुंबईचेच उदाहरण घेऊ. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभे राहिले. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या योजनेमागे हा इतिहास आहे. तो न जाणणाऱ्या वार्ताहराला प्रकल्पग्रस्तांचा मोर्चा म्हणजे केवळ वाहतुकीचा खोळंबा वाटेल.

दुसरी कसोटी संयमाची. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात सुरक्षा दलांच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण हल्लेखोरांच्या सूत्रधारांना उपयोगी पडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली. सर्वांआधी सांगण्याच्या चढाओढीत कोणाचा जीव धोक्यात येतो, हा प्रश्न वार्ताहराने स्वतःला विचारलाच पाहिजे.

तथापि ही जबाबदारी एकट्या वार्ताहराची नाही. पूर आला, साथ पसरली, शाळेत अपघात घडला, की तो प्रथम अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडेच धाव घेतो. त्यांनी मौन पाळले, तर त्याची जागा अफवा घेते. ज्ञात असेल तेवढे वेळेवर सांगावे. ज्ञात नसेल ते नाही म्हणून स्पष्ट सांगावे. विश्वासार्ह बातमीचा आरंभ तेथूनच होतो.