पावसाळ्यात मुलांनी खेळायचे कुठे?

(मुलामुलींच्या फुटसाल वर्गाच्या प्रारंभी मंडळाच्या वतीने फोंडा येथे केलेले भाषण)



आमंत्रणपत्रिका पोचल्यावर अनेकांनी फोन करून विचारले, की 'फुटबॉल'च्या जागी 'फुटसाल' छापले गेले आहे का? नाही, शब्द बरोबर आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत 'साला' म्हणजे घराचा दिवाणखाना किंवा सभागृह. गोव्यातल्या जुन्या घरांत पुढच्या मोठ्या खोलीला आजही कोणी कोणी 'साल' म्हणतात, तोच हा शब्द. तेव्हा फुटसाल म्हणजे छपराखालचा फुटबॉल. १९३० साली उरुग्वेने पहिला विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी त्या देशाच्या राजधानीत, मोंतेव्हिदेओत, हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वाय.एम.सी.ए.च्या मुलांसाठी हा खेळ बसवला.

आपल्याला त्याची गरज का, हे पावसात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भात कापल्यावर शेतात चेंडू घेऊन उतरणारी पोरे या चार महिन्यांत घरात अडकतात. दुपारी शाळा सुटते, मग शिकवणी, मग मोबाईल. शिवाय ज्या शेतांत आपण खेळलो त्यांतली किती शेते आज उरली आहेत, हे आपापल्या वाड्यावर नजर टाकून पाहा.

वर्ग चालवणारे सर अनेक वर्षे महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. त्यांना आम्ही विचारले, की एवढ्या वर्षांच्या मोठ्या मैदानानंतर हा छोटा खेळ कशाला? त्यांनी कागदावर हिशेब मांडला. मोठे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, त्यात बावीस खेळाडू. म्हणजे एकेकाच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटर जागा. फुटसालचे मैदान ४० बाय २०, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू, वाट्याला जागा फक्त ऐंशी चौरस मीटर. मोठ्या मैदानावर बुजरे पोर अर्धा तास कोपऱ्यात उभे राहू शकते, इथे त्याला लपायला जागाच नाही. चेंडू चार नंबरचा, आकाराने लहान आणि कमी उसळणारा, त्यामुळे तो पायाशी खेळवावा लागतो. बाहेर गेलेला चेंडू चार सेकंदांत खेळात आणायचा, नाहीतर तो समोरच्यांना मिळतो. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. बाकावर बसलेल्या मुलाला खेळायला मिळाले नाही अशी तक्रार घेऊन पालक यायचे, ती सरांची जुनी डोकेदुखीही त्यामुळे मिटणार आहे! आणि एका अर्ध्यात संघाचे पाच फाऊल झाले, की सहाव्यापासून समोरच्यांना भिंतीशिवाय थेट फटका मिळतो. धसमुसळ्या मुलांना आवर घालायला याहून चांगला नियम आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या काही घरांत अजूनही म्हणतात, की फुटबॉल हा आपला खेळ नव्हे, आपला तो क्रिकेट. हे आम्हाला मान्य नाही. भारतीय संघाचे कर्णधारपद सांभाळलेले आणि १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळालेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच मातीतले. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने सुवर्णचषकाची फुटबॉल स्पर्धा याच गोव्यात भरत असे. २०१२ साली सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ घोषित केले. राज्याच्या खेळात आपली मुले नसतील, तर राज्याच्या इतर कारभारात आपला आवाज कुठून येणार?

दुसरा प्रश्न सभासदांनीच बैठकीत विचारला, आणि तो योग्यच होता. मंडळाचा पैसा मंडळाबाहेरच्या मुलांवर का खर्च करायचा? कार्यकारिणीत यावर दोन तास वाद झाला. शेवटी ठरले ते असे: वर्ग वाड्यावरच्या सर्व मुलांना खुला राहील. सूचना, पत्रके, नियमांची पुस्तिका मराठीत असेल. सर कोंकणीत ओरडले तर कोणी मनावर घेऊ नये. आपल्या भाषेच्या हक्कासाठी आम्ही सरकारदरबारी भांडतो आहोत आणि भांडत राहू, पण बारा वर्षांच्या मुलाकडून मातृभाषेचा रकाना भरून घेऊन त्याला चेंडू द्यायचा, हे आमच्याने होणार नाही.

मुलींसाठी वेगळा गट आहे. महिलांचा पहिला फुटसाल विश्वचषक २०२५ साली फिलिपिन्समध्ये झाला. भारताचा पुरुष संघच मुळी २०२३ साली प्रथम आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला. हा खेळ आपल्या देशात नुकताच रांगू लागला आहे, तेव्हा आज सुरुवात करणारी मुलगी कोणाच्याही फार मागे नाही. दहावी आली म्हणून खेळ बंद, हा नियम मात्र पालकांनी कृपया आमच्याकडे आणू नये. सरांच्या अनुभवात परीक्षेच्या वर्षी खेळ सोडलेली मुले क्वचितच परत येतात.

राहिला जागेचा प्रश्न, आणि खरे तर आजच्या सभेचा मुद्दा हाच आहे. एका शाळेने आठवड्यातून दोन संध्याकाळी सभागृह दिले आहे, पण ते चवथीपर्यंतच. आणखी एका ठिकाणी विचारले, तर लग्नांची नोंदणी असल्याचे सांगण्यात आले. भर पावसाळ्यात इतकी लग्ने कुठली, असे विचारल्यावर उत्तर आले नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेली सभागृहे दुपारनंतर कुलूपबंद राहतात आणि मुले रस्त्याच्या कडेला खेळतात. मुलांना आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान नकोच आहे. बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटरचे असते, लहान गटाला तेवढे पुष्कळ झाले. हँडबॉलचे असेल तर प्रश्नच मिटला, त्याचे माप हुबेहूब ४० बाय २० आहे. लागते ते छप्पर, दिवे आणि किल्ली.

म्हणून मंडळाने निवेदन तयार केले आहे. सार्वजनिक सभागृहे आठवड्यातून तीन संध्याकाळी, नाममात्र शुल्कात, मुलांच्या खेळासाठी लेखी आदेशाने राखून ठेवावीत, एवढीच मागणी. नगरपालिका आणि आसपासच्या पंचायतींकडे ते जाईल. बाहेर टेबलावर प्रत ठेवली आहे, सही केल्याशिवाय कोणी चहाकडे वळू नये. मतांसाठी जे उमेदवार आपल्या दारात येतात, त्यांच्यापुढेही हाच कागद ठेवा आणि सही मागा. तोंडी आश्वासन घेऊ नका.

वर्ग शनिवारी साडेचार वाजता सुरू होईल. खिळ्यांचे बूट चालणार नाहीत, सपाट तळव्याचे आणा. नडगीचे पॅड आवश्यक आहेत. ज्यांना परवडत नाहीत त्यांनी सरांना एकट्याला गाठून सांगावे, सोय केली आहे.