धुराचा हिशेब



सन १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, कोळशाचा धूर धुक्यात मिसळून लंडन शहरावर बसून राहिला. वारा पडलेला, वर उबदार हवेचे झाकण. त्याच सुमारास तेथे जनावरांचे प्रदर्शन भरले होते. त्यातील काही निवडक गुरे धापा टाकीत मेली, आणि बोभाटा प्रथम झाला तो त्यांचाच! माणसे किती गेली ते मागाहून मृत्यूंच्या नोंदी मोजल्यावर समजले. तेव्हाचा अंदाज सुमारे ४,०००, नंतरचा १२,००० पर्यंत. स्वच्छ हवेचा कायदा १९५६ साली झाला.

वर्गात मुले विचारतात, "सर, लोकांना दिसले कसे नाही?" धूर दिसत होता, कण दिसत नव्हते. अडीच मायक्रॉनांहून बारीक कण नाकात अडत नाहीत. केस त्यांच्या वीस-तीस पट जाड. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघातही त्यांच्या खात्यावर मांडावे लागतात.

हे लंडनचे झाले. आमच्या घरी लोबान, शेजारी उदबत्ती. फुप्फुसाला हा भेद कळत नाही. पण मोठा धूर चुलीचा. आमच्या अम्मींचा खोकला आम्ही कित्येक वर्षे वयाचा मानला.

या सभागृहामागील स्वयंपाकघरात आजही लाकडेच जळतात, वर धुराडे नाही. उद्या सुवर्णमहोत्सवाची पंगत तेथेच शिजेल. चुलीपाशी कोण बसणार, ती नावे आपणां सर्वांस ठाऊक आहेत.