गाडगे आणि झाडू रंगवणारा आपला चित्रकार



आपल्या घरोघरी तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांनी जे भोगलं, त्याचं चित्र कुठे आहे? ते काढलं नागपूरच्या सवी सावरकरांनी. जन्म १९६१ चा. नागपुरात शिकले, मग बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रण शिकले. पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवले.

मुद्राचित्रणाचा एक प्रकार म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढायची, तेजाबाने ती खोल करायची, शाई भरायची आणि कागदावर दाबून छाप घ्यायचा. भंडारा पितळेचे गाव, धातूवरचे काम आपल्याला नवे नाही.

त्यांची माणसे हुबेहूब नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. अंग ओबडधोबड, रेघा जाड काळ्या. पण गळ्यातले गाडगे आणि कमरेचा झाडू लगेच ओळखू येतो. पेशवाईतली ही सक्ती बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये नोंदवून ठेवली आहे. देवदासीही सावरकरांनी रंगवल्या.

आपल्यातलेच काहीजण म्हणतात, पोरांना हे परत कशाला दाखवता, लाज वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. लाज गाडगे बांधणाऱ्यांची, वागवणाऱ्यांची नव्हे. फोटोसारखा माणूस काढला असता तर बघणारा हळहळून पुढे गेला असता; वेडावाकडा काढला म्हणून डोळा तिथेच अडतो.

तेव्हा धम्मवर्गातल्या मोठ्या मुलांना ही चित्रे दाखवावीत, असा आमचा समितीकडे आग्रह आहे. लहानग्यांना अजून दोन-चार वर्षे थांबू द्या.